तीन फ्रेमचा फरक

३ जानेवारी, शनिवार
नवं वर्ष, नवी वही. दोन दिवस उशीर झाला, पण १ आणि २ तारखेला मी मनातल्या मनात लिहीतच होतो. पुढेमागे आत्मचरित्राला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.
इंदुरात, तुकोगंजातल्या ऑफिसात टेस्टर म्हणून लागून पाच महिने झाले. प्रोबेशन ३१ ला संपतं. बायकोची, म्हणजे वसुधाची, अमरावतीच्या शाळेतली बिनपगारी रजाही ३१ लाच संपते. मी कन्फर्म झालो की ती राजीनामा देणार आणि इथेच राहणार. नाही झालो तर तिला परत जाणं भाग आहे. (हे वाक्य फक्त माहितीसाठी.)
संकल्प: असा बग शोधायचा की क्षितिजा मॅडम खुर्चीतून उठल्या पाहिजेत. मॅडम म्हणजे बॉस. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान.

४ जानेवारी, रविवार
आमचं सॉफ्टवेअर डबिंग स्टुडिओंसाठी. पडद्यावर ओठ हलले की त्याच क्षणी आवाज आला पाहिजे, एवढंच बघायचं. त्यासाठी बाकीचे लोक टेबलापाशी टाळी वाजवून मोबाइलवर शूट करतात. असला गरिबीचा कारभार मला जमत नाही.
वसुधाला घेऊन इथल्या लालबाग राजवाड्याला गेलो. मागे अख्खा राजवाडा आला पाहिजे म्हणून कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत गेलो. ती तिकडे टाळीऐवजी थाळी आणि लाटणं घेऊन उभी. मुंगीएवढी दिसत होती, पण राजवाडा काय सुरेख आला! मोठं करून पाहिलं की लाटणंही दिसतं.
ती ओरडून काहीतरी सांगत होती. ऐकू आलं नाही. हातानेच 'वाजव' म्हटलं. वीस ठोके. चौकीदाराने मला येऊन विचारलं, मॅडम को कुछ तकलीफ है क्या.

५ जानेवारी, स. ११.४०
सापडला!! लाटणं थाळीवर पडतं आणि आवाज येतो तीन फ्रेमनंतर. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागाने उशिरा. वीसच्या वीस ठोक्यांना तीन. इतका शिस्तीचा बग एकोणीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.
हा भाग लिहिणारा प्रोग्रॅमर म्हणजे अंकुर, पक्का इंदोरी. त्याला दाखवलं. म्हणे, भिया, मेरी क्लिप में तो बराबर चल रिया है. म्हटलं, तुझी क्लिप टेबलावरची. रिपोर्ट पाठवला. सात पानं. पहिल्या पानावर राजवाडा.
रात्री १०: जेवताना वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही एवढ्या लांब उभे, आवाज पोचायला वेळ लागणारच, तेच तर मी ओरडून सांगत होते. समजावलं की तिचं नववीचं विज्ञान शाळेपुरतं ठीक आहे, हे प्रोफेशनल काम आहे. नंतर ती भांडी जरा आदळत होती.

९ जानेवारी
मॅडम खुर्चीतून उठल्या. (चहासाठी, पण माझा रिपोर्ट वाचताना.) म्हणाल्या, अच्युतजी, बहुत बढ़िया पकड़ा. अंकुरला अजून कारण सापडत नाही. सापडेल कसं? त्याला पारखी नजर लागते.

१९ जानेवारी
अंकुरने कारण शोधायचं सोडलं आणि सगळा आवाज सरसकट तीन फ्रेम लवकर वाजेल अशी सोय करून टाकली. त्यासाठी दोन रविवार ऑफिसला आला. माझ्या क्लिपवर आता सगळं चोख. तो म्हणतो, आता त्याची क्लिप बिघडली. म्हटलं, मग क्लिप बदल.
वसुधाला राजीनाम्याचा मसुदा करायला सांगितलं. तिने केला नाही. म्हणे, आधी पत्र हातात येऊ द्या.

२० जानेवारी
नवी आवृत्ती स्टुडिओंकडे रवाना. ऑफिसात सर्वांना माझ्यातर्फे पोहे-जलेबी. वजनाचा संकल्प १ फेब्रुवारीपासून.

२२ जानेवारी
एका स्टुडिओचा फोन. त्यांच्या मालिकेतली सासू तोंड उघडण्याआधीच बोलते आहे. सासूचा अभिनय कच्चा असावा.
सायं. ६: आणखी तीन स्टुडिओ. चार सासवा एकदम कच्च्या असू शकतात का? विचार चालू.

२३ जानेवारी
वसुधाने पेपरच्या कडेला गणित मांडलं. लालबागला माझ्याकडे येताना तिने पावलं मोजली होती. पंचावन्न. म्हणजे एक्केचाळीस मीटर. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. उत्तर, सेकंदाचा आठवा भाग.
मी हवेतल्या दमटपणाचा मुद्दा काढला. ती म्हणाली, जानेवारीत? इंदुरात?
जुनी आवृत्ती उघडली. कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर टाळी वाजवली. फरक शून्य. एकदा तरी एखादी फ्रेम चुकावी म्हणून चौदा वेळा वाजवली. शून्य.

२४ जानेवारी
शनिवार. सुट्टीच्या दिवशी बॉसला त्रास देणं शिष्टाचारात बसत नाही.

२६ जानेवारी
राष्ट्रीय सणाला वाईट बातमी देऊ नये.

२७ जानेवारी
मॅडमचा मूड बरा नव्हता. (सकाळपासून सात स्टुडिओ.) अंकुर स्वतःलाच शिव्या देत कोड तपासत बसला आहे. त्याच्याशेजारी बसून मी डबा खाल्ला.

२८ जानेवारी
सांगितलं. सुरुवात 'क्लिपच्या विशिष्ट परिस्थिती' अशी केली होती. मॅडमनी मध्येच विचारलं, कॅमेरा किती लांब होता? म्हटलं, राजवाडा मावेल इतका. कोणी हसलं नाही.
अंकुरने लॅपटॉप ओढला आणि तीन फ्रेमची सोय काढून टाकायला बसला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने माझ्या एकोणीस वर्षांवर विश्वास ठेवला होता. लाज वाटली. वाटते आहे.

३१ जानेवारी
शनिवार असूनही पत्र मेलवर आलं. प्रोबेशन आणखी तीन महिने. काढून टाकलेलं नाही, हा मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. वसुधालाही हाच मुद्दा सांगितला. तिने पत्र दोनदा वाचलं आणि कपाटावरून बॅग काढली. शाळा आणखी रजा देत नाही, आणि उद्या माझी नोकरी गेली तर दोघांचा पगार बंद होऊन चालणार नाही. भांडली नाही. भांडली असती तर माझ्याकडे मुद्दे तयार होते.

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सव्वासातची बस. मी तिला 'थांब, जाऊ नकोस, काहीतरी करू' असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. स्टँडवर अर्धा तास होता. पाण्याची बाटली घेतली का विचारलं. खिडकीची सीट आहे का विचारलं. गाडीत थंडी वाजेल, शाल वर काढून ठेव म्हणालो. तिने शाल वर काढून ठेवली आणि विचारलं, आणखी काही? म्हटलं, पोचलीस की फोन कर.
बस सुटली, फाटकाबाहेर वळली. तेव्हा मी 'थांब' म्हणालो. बऱ्यापैकी मोठ्याने.
पोहेवाला म्हणाला, किसको रोक रिये हो भिया, बस तो गई.
एक प्लेट घेतली. संपली नाही.