बाबांच्या डब्यातली भाकरी

आई,

तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता बरीच मोठी झाले आहे. गुडघे दुखतात. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे गुडघे टेकतात तेव्हा मी बाकावर बसूनच डोळे मिटते. तुला ते आवडलं नसतं, पण तू काही बोलली नसतीस, नुसतं एकदा बघितलं असतंस. आज दुपारी घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा गेले त्या वर्षाबद्दल आपण दोघी, एक वेळ सोडली तर, नंतर कधीच बोललो नाही. तू विषय काढला नाहीस, आणि मी काढला असता तर तू चुलीतलं लाकूड मागं-पुढं सारत बसली असतीस.

मोठा दुष्काळ सरून दुसरं वर्ष होतं. बाबा जालन्यात शाळेवर मास्तर होते आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीनं शहागडला प्रार्थना घ्यायला जायचे. तिथं आपल्या लोकांची घरं दोन-तीनच. पण बाबांचा आवाज चांगला, म्हणून शेजारची बौद्ध मंडळीही गाणी ऐकायला ओट्यावर येऊन बसायची. त्या शनिवारी प्रार्थना आटोपून ते परतीच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली उभे होते. एक ट्रक रस्ता सोडून सरळ त्यांच्या अंगावर आला आणि पुढं झाडावर जाऊन आदळला. बाबा जागच्या जागी गेले. ड्रायव्हरचे पाय केबिनमध्ये चेंगरले होते. गावातल्या लोकांनी दोघांना एकाच जीपमध्ये घातलं आणि जालन्याला आणलं, तू नर्स होतीस त्याच दवाखान्यात. तू ड्यूटीवर होतीस. अपघाताचे पेशंट आलेत म्हणून तू बाहेर आलीस आणि जीपमध्ये बाबा होते.

शेजारची काकू मला घेऊन पोचली तेव्हा तू बाबांचे पाय धूत होतीस. मी एकोणीस वर्षांची, दारातच उभी राहिले. तू रडत नव्हतीस. बाबांच्या एकाच पायात चप्पल होती आणि तू प्रत्येकाला तेवढंच विचारत होतीस, "ह्यांची दुसरी चप्पल कुठं हाय? कुणी पाह्यली का?" कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेनंतर त्यांना पुरलं. पाळकसाहेबांनी काय वाचलं ते मला आठवत नाही. गाणं सुरू झालं आणि वरच्या पट्टीत उचलायला बाबा नव्हते, सगळे एकमेकांकडे बघायला लागले, एवढं आठवतं. मग तू एकटीनं उचललंस. चिरका आवाज होता तुझा, पण शेवटच्या कडव्यापर्यंत गायलीस.

आठवड्याभरानं तू परत कामावर जायला निघालीस. तोवर मला कळलं होतं की तो ड्रायव्हर जगलाय आणि पुरुषांच्या वॉर्डात आहे. तुझ्याच वॉर्डात. मोठ्या सिस्टरनी घरी येऊन सांगितलं होतं, काही दिवस बायकांच्या वॉर्डात काम कर, कुणी तुला नावं ठेवणार नाही. तू आधी हो म्हणालीस. त्या गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसलीस, आणि सकाळी कामाला गेलीस ती जुन्याच वॉर्डात. का, ते मला सांगितलं नाहीस.

मग ती सकाळ. आजही ते स्वयंपाकघर माझ्यासमोर आहे. तू चुलीपुढं बसली आहेस, काठवटीत ज्वारीचं पीठ आहे, तव्यावरची भाकरी फुगली आहे. शेजारी बाबांचा शाळेत न्यायचा पितळी डबा, घासून लख्ख केलेला. तू त्यात दोन भाकरी ठेवतेस, वर पिठलं घालतेस आणि डबा माझ्याकडे सरकवतेस.

"हा वॉर्डात नेऊन दे. खिडकीजवळची खाट."

"कुणाला?"

"त्या ड्रायव्हरला. आंध्राकडचा हाय. त्याचं इकडं कुणी न्हाई, पेशंटचं जेवण घरूनच यायला पाह्यजे. बाकीचे आपल्यातलं देऊन राह्यले, पण किती दिवस देतील?"

"बाबांच्या डब्यात?"

"दुसरा डबा हाय का आपल्याकडं?"

मी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. शेवटी विचारलं, "तू त्याला माफ केलंस?"

तू भाकरी उलटलीस. "न्हाई."

"मंग कशाला?"

"माफ कर म्हणून सांगितलंय, त्ये मला जमून न्हाई राह्यलं. रोज सांगते देवाला, जमत न्हाई म्हणून. पण भुकेल्याला खाऊ घाल असं बी त्यानं सांगितलंय. भाकर थापता येते मला. जे येतं त्ये तर करते. बाकीचं त्याचं त्यानं बघावं."

मी डबा उचलला तो तुझं पटलं म्हणून नव्हे. तुझे डोळे बघवत नव्हते म्हणून. धुरानं लाल झाले होते की कशानं, कोण जाणे.

मला वाटलं होतं, कुणी दांडगा, दारुडा माणूस असेल. खाटेवर एक काटकुळा माणूस पडला होता, दाढी वाढलेली, दोन्ही पाय फळ्यांना बांधलेले. "कौन भेजा?" त्यानं विचारलं. "आईनं," म्हणाले आणि डबा ठेवून मागं न बघता निघाले. आई म्हणजे कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी त्याला सांगितलं, की जिच्या हातून तू पट्टी करून घेतोस तिचाच नवरा तुझ्या ट्रकनं गेला. त्या दिवशी मी रिकामा डबा परत आणायला गेले तेव्हा तो तसाच भरलेला होता आणि तू ट्रे घेऊन त्याच्या खाटेशी उभी होतीस. तो हात जोडून होता.

"बहनजी, आप नक्को. दुसरे किसी को भेजो. मेरे को नींद लग गई थी. मैंच मारा उनको."

तुझ्या हातातला चिमटा तसाच वर राहिला. मला वाटलं, आता तू ट्रे फेकशील. फेकावास असंच मला वाटत होतं, आई. तू म्हणालीस, "म्हाईत हाय मला. पाय हलवू नका."

तो रडायला लागला. तू जखम धुतलीस, औषध लावलं, नवी पट्टी बांधली, रोज बांधायचीस तशीच, ना सैल ना घट्ट. मग धुतलेल्या चादरी ठेवायच्या त्या लहान खोलीत गेलीस. मी मागोमाग आले. चादरींच्या चळतीत तोंड खुपसून तू उभी होतीस. रडतेस असं वाटलं, म्हणून मी हात पुढे केला आणि तेवढ्यात तुझे शब्द ऐकू आले. तू देवाशी भांडत होतीस.

"तू म्हणलास म्हणून हात लावला मी त्याला. बघितलंस ना? आता तुझी पाळी. हे जे माझ्या छातीत हाय त्ये घेऊन जा. मी एकलीनं किती करू?"

मी लहानपणापासून प्रार्थना ऐकत आले होते. पाळकसाहेबांच्या, संडेस्कूलच्या, बाबांच्या. सगळ्या कशा नीट नेटक्या, कपाटातल्या कपड्यांसारख्या घडी घातलेल्या. माणूस देवाशी असंही बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मी हात मागे घेतला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

त्याचा एक पाय शेवटी काढावा लागला. डबा रोज जात राहिला, कधी मी नेला, कधी तू. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. जाताना तो कुबड्यांवर तुझ्यापुढं वाकायला गेला, वाकता येईना, तर तिथंच व्हरांड्यात बसला. तू त्याला हाताला धरून उठवलंस आणि कुठल्याही पेशंटला सांगावं तसं सांगितलंस, "सांभाळून जा. टाके ओले करू नका." एवढंच. पुन्हा तो कधी दिसला नाही, त्याचं पत्र नाही, काही नाही. त्याचं नाव मी तुझ्या तोंडून कधीही ऐकलं नाही.

त्या वर्षी मी प्रार्थनेत डोळे मिटणं सोडलं होतं. तुझ्या लक्षात आलं. तू रागावशील असं वाटलं, तर म्हणालीस, "उघडे ठिव डोळे. देवावर रुसायचं तर रुस. पण इथं बस माझ्याजवळ, उठून जाऊ नको." म्हणून मी बसत राहिले. आधी तुझ्यासाठी, मग सवयीनं. आणि मग कधीतरी, कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, मीही मनातल्या मनात त्याला चार शब्द बोलायला लागले. ते गोड नव्हते. पण माझे होते.

पुढं थोड्याच वर्षांत तुझ्या पोटात गाठ निघाली. मी उपास धरले, तुझ्या उशाशी बसून तू बरी व्हावीस म्हणून मागत राहिले. तू ऐकत होतीस. एकदा म्हणालीस, "माग की. मागायला काय हरकत हाय? पण त्यानं न्हाई म्हणलं तर बोलणं तोडू नको त्याच्याशी. तुझे बाबा गेले तवा मी तोडणार व्हते. तोडलं असतं तर मंग मी कुणाशी बोलले असते गं?" देवानं नाहीच म्हटलं. शेवटच्या दुपारी मी चमच्यानं पाणी पाजत होते, तू शुद्धीत होतीस, घरात दोघीच होतो. विचारावं असं ओठांवर आलं होतं. आई, नंतर जमलं का गं? ते छातीतलं त्यानं नेलं का? विचारलं नाही. तू मरताना खोटं बोलली नसतीस, आणि उत्तर "न्हाई" असतं तर ते घेऊन जगायची माझी ताकद नव्हती.

आता इथं तुझी गोष्ट सांगतात, आई. नवे पाळक आले की त्यांना कुणीतरी सांगतं, मग एखाद्या रविवारी ती उपदेशात येते. नवऱ्याला मारणाऱ्याला तिनं क्षमा केली, त्याला आपल्या हातानं जेवू घातलं. बायका डोळे पुसतात, माझ्याकडे वळून बघतात. मी मान हलवते. तू माफ केलंस हे मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की तुझ्या छातीत निखारा होता आणि त्याच चुलीपुढं बसून तू रोज दोन भाकरी जास्त थापल्यास. माफ करणाऱ्या बाईपेक्षा ही दुसरी बाई मला पुढं फार उपयोगी पडली. मलाही आयुष्यात किती गोष्टी जमल्या नाहीत. लग्न झालं, मुलं झाली, त्यातलं एक गेलंही. प्रत्येक वेळी मन देवाकडे जायला तयार नसायचं. मग मी आधी हात कामाला लावले. मन कधी मागून आलं, कधी आलंच नाही.

हे पत्र घडी करून मी बायबलात ठेवणार नाही, फाडून टाकीन. मुलांच्या हाती लागलं तर म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला. पण एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी मी "हे प्रभू" म्हणून सुरुवात करते. मुलांसाठी मागते, नातवंडांसाठी मागते, दुखण्याबद्दल तक्रार करते. आणि बोलता बोलता मध्येच कधीतरी माझ्या तोंडून "अगं" निघतं. थांबायला पाहिजे, कळतं मला. पण मी थांबत नाही. तशीच पुढं बोलत राहते.