सभागृहाचा रविवार

३ फेब्रु., मंगळ.
पेपरात नोटीस. वारज्यातल्या आमच्या महापालिका सभागृहाची, संस्थांना मिळणारी भाडेसवलत बंद करून ते ठेकेदाराला चालवायला द्यायचा प्रस्ताव. हरकती-सूचना मागवल्यात, मग सुनावणी. ठेकेदार म्हणजे साड्यांचे सेल, मुंजी, वाढदिवस. नाटकवाल्यांना सगळ्यांचं झाल्यावर उरेल ती वेळ.
हरकत घेणार. वर्षभर भांडायला काही नव्हतं, गंजत चालले होते. बरं वाटलं.

५ फेब्रु., गुरु.
पहिली हरकत घरातच. नवरा पाटबंधारे खात्यातला निवृत्त इंजिनिअर असला की कुठलाही वाद खडकवासला धरणावरून जातो. मुकुंदराव : "वाघोलीला टँकर चाललेत आणि कराचा पैसा तुमच्या नाटकांना? बघायचंय त्याने तिकीट काढावं."
"मग बागेलाही तिकीट लावा. रोज सरकारी गवतावर फुकट चालता."
"गवत भाषण करत नाही."
मुद्दा हलका नाही, तरी. पाणी आधी, हे मलाही कळतं. पण सगळ्यांचं सगळं भागल्यावर कलेचं बघू म्हटलं तर तो दिवस कधी... आणि तिकिटावर जगतं ते लोकांना आधीच आवडलेलं. नवं, कच्चं, अवघड कुठे उभं राहणार? राजे गेले, आश्रय द्यायचं काम आपल्याकडे आलं. (भाषणात घ्यायचं.)

८ फेब्रु., रवि.
आमच्या व्याख्यानमालेची बैठक. सुनावणीत अध्यक्ष म्हणून मीच बोलायचं ठरलं. आमचं सगळं त्या सभागृहावर उभं. मे महिन्यातले सगळे रविवार, संध्याकाळी, इतकी वर्षं. कार्यवाह जोगळेकर : "बाई, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. ठेकेदार पळेल."
फुगले. या वयातही.

१० फेब्रु., मंगळ.
हरकतीवर सह्या घ्यायला सभागृहात गेले. दुपारचे दोन. आत भीमगीतांचा जलसा रंगलेला, खुर्च्या मात्र बहुतेक रिकाम्या. पुढे गाणाऱ्या सुनंदा कांबळे, तंत्रनिकेतनात शिकवतात, रजा टाकून आलेल्या. काय आवाज! सह्यांचा कागद मांडीवर, मी विसरूनच गेले.
कार्यक्रम संपल्यावर कागद पुढे केला. "सही करते की, बाई. पण सभागृह वाचलं तर आम्हाला रविवार मिळेल?"
"न मिळायला काय झालं?"
"दरवर्षी अर्ज करतो. आमची माणसं नोकरीवाली. मंगळवारी दुपारी आमचं गाणं आमच्याच घरच्यांना ऐकता येत नाही."
तशीच ऑफिसात शिरले. आवाज चढवलाच होता. लिपिकाने शांतपणे नियमांचं पान उघडून दिलं : मागील वर्षी ज्या संस्थेने तारीख वापरली, तिचा त्या तारखेवर प्रथम हक्क. दोन ओळी वाचल्या आणि भाषा ओळखीची वाटली. हा नियम माझा. पूर्वी सभागृहाच्या सल्लागार समितीवर असताना मीच लिहिलेला, लग्नवाल्यांनी तारखा पळवू नयेत म्हणून. केवढी टाळी पडली होती.
लग्नवाले बाहेर राहिले. सुनंदाताईही.
चालत घरी आले. रिक्षावाल्याशीसुद्धा बोलावंसं वाटेना.

१२ फेब्रु., गुरु.
भाषण लिहिलं, फाडलं. सरकारने कलेला पैसा द्यावा हे खरंच आहे. पण तो पैसा एवढी वर्षं माझ्याच दारात...
जेवताना मुकुंदरावांना सांगून टाकलं. टोमण्याची तयारी ठेवली होती. आला नाही. भात कालवत म्हणाले, "कालव्यावर हेच व्हायचं. वरचे भरभरून घ्यायचे, टोकाच्याला चिखल. मग आम्ही पाण्याची पाळी उलटी लावली. शेवटच्या शेतापासून सुरुवात, वरच्यांचा नंबर सगळ्यांनंतर."
"वरचे ओरडले नाहीत?"
"ओरडले ना. पण पाणी त्यांच्याच बांधावरून जायचं. ते कशाला कोरडे राहतात?"
मी पेन शोधायला उठले.
"जेवून घ्या, बाईसाहेब. कालवा पळून जात नाही."

१७ फेब्रु., मंगळ.
सुनावणी. प्रत्येकाला तीन मिनिटं. मला तीन मिनिटं म्हणजे नमस्कार-चमत्कार! तरी भाषण त्यात बसवलं. सवलत राहिलीच पाहिजे, ते ठणकावलं. मग म्हटलं, तारखांचा नियम माझा आहे आणि तो चुकला. वाटप टोकापासून करा : ज्यांना कधीच रविवार मिळाला नाही, ते आधी. आमच्यासारखे शेवटी. सुरुवात आमच्या मेमधल्या दुसऱ्या रविवारापासून करा.
सुनावणी घेणारे साहेब चष्म्यावरून बघत : "म्हणजे बाई, आपली हरकत प्रस्तावाला आहे की आपल्याला स्वतःला?"
"दोघांनाही. दोन्ही नोंदवून घ्या."
हशा. टाळ्या मागच्या रांगेतून, पुढची रांग आमची होती. जिन्यात जोगळेकर : "आमचा रविवार वाटून टाकायला तुम्हाला सांगितलं कोणी?" कोणालाच विचारलं नव्हतं, खरंच. हे चुकलंच. पण पुन्हा बोलायचं झालं तर हेच बोलेन.

२२ फेब्रु., रवि.
प्रस्तावाचा निर्णय नाही. उद्या व्या.मालेची तातडीची बैठक. विषय एकच, अध्यक्ष. जोगळेकरांचा आवाज फोनवर फारच गोड होता. झोप मात्र उत्तम लागते आहे.
सकाळी सुनंदाताईंचा फोन. मेच्या दुसऱ्या रविवारचा अर्ज दिला. लिपिकाने नाही म्हटलं नाही, ठेवून घेतला. "नुसता ठेवून घेतला, बाई, तरी आमच्याकडे पेढे वाटून झाले."
मुकुंदराव बागेतून आले. बूट काढता काढता : "त्या जलशाला तिकीट किती असणार?"
"का? तुम्ही येणार?"
"विचारतोय. मी फुकट काही बघत नाही."
"आधी रविवार तर मिळू दे."
कॅलेंडरवर मेचं पान उलटून त्या रविवारी गोल केला. पेन्सिलने.