एकच कोट

३ डिसेंबर २००६, मुरबाड
कल्याणहून एसटीने आलो. उभ्यानेच, पण मजेत. हिंगोलीपासून इतक्या लांब मला कुणी ओळखत नाही, हेच मोठं सुख. कमळाकर शेठचा फोटो स्टुडिओ बंद होतोय. मागच्या खोलीत जुने कॉम्प्युटर, स्कॅनर, सीड्या, फ्लॉप्यांचे खोके. लावून बघायचं, कामाचं ते बाजूला, बाकी भंगारात. मी सातवी नापास, पण सुरतेला सायबर कॅफेत झाडू मारता मारता माउस शिकलो. झोपायची सोय इथेच, वडापाव समोर. आणखी काय पाहिजे?

५ डिसेंबर
एक मशीन चालू झालं. आत सगळी मेलेली माणसं! गावात कुणी वारलं की घरचे जुना फोटो आणून द्यायचे, लग्नातला नाहीतर जत्रेतला. शेठ त्यातलं तोंड कापून कोट-टायवर बसवायचे, की हाराचा फोटो तयार. जन्मभर लंगोटीत राबलेला म्हातारा असो की शाळामास्तर, सगळ्यांना एकच कोट. कोट मुळात कुणाचा, विचारलं. शेठ म्हणाले, सीडीत आला तवाच बिनडोक्याचा होता रे, तुझ्यावानी.

७ डिसेंबर
शेठ म्हणाले, मेल्यांचे फोटो ठेवून काय लोणचा घालाचा? पुसून टाक, रिकामी मशीन तरी कुणी घेईल. दिवसभर पुसत बसलो. पण तोंड जातं, कोट जात नाही. पडद्यावर ओळीने नुसते कोट.

९ डिसेंबर
म्हसा गावची भागीरथी आजी आली, पदराखाली फ्रेम घेऊन. वारलेल्या मुलाचा, पांडूचा, भिंतीवरचा फोटो. कोट आहे, टाय आहे, कॉलरच्या वर काही नाही. मूळ फोटो शेठनेच हरवलेला. म्हणाली, हा एवढाच होता रे बाबा, माझा पोर कुठं गेला? शेठ म्हणाले, ओल लागली आजे, नायतर तुझी नजर गेली. पांडूला परवा मीच पुसलं होतं.

१० डिसेंबर
आजीला शब्द दिला, शोधतो. कोट चढवायच्या आधीचा फोटो कुठल्यातरी फ्लॉपीत असणारच. निम्म्यांना बुरशी. शेठ भडकले, उद्याच भंगारवाल्याला सगळा उचलून देतो म्हणाले. मी म्हणालो, नाही देणार. मालकाला असं पहिल्यांदाच बोललो. त्यांनी रागाने वायर उपटली.
पडदा विझला नाही.

१२ डिसेंबर
शेठ गेले. घरी, बसल्या बसल्या. मुलगा हाराचा फोटो मागायला आला. मशीनकडे वळलो तर पहिल्या कोटावर तोंड आधीच बसलेलं. शेठचं.
एक भरला. बाकीचे रिकामे.

१३ डिसेंबर
पळ, मन म्हणतं. आजवर प्रत्येक कामावरून पळालो. या वेळी नाही. आजीचा पोर सापडेपर्यंत नाही. भर दुपारी पडद्यावरचे खांदे माझ्याकडे वळले. वळू देत.

१४ डिसेंबर
सापडला! बैलाच्या शिंगाला धरून, चौकडीच्या शर्टात, दात काढून हसतोय. प्रिंट काढली. कोट चढवला नाही. मुद्दाम. ते कोट त्याला — खुर्चीमागे कापडाची सळसळ — फ्लॉप्या छातीशी धरल्यात. एकही देत नाही —

१५ डिसेंबर
आजी आली. दार उघडेना. फोटो खिडकीतून दिला. पांडूच्या गालावरून बोट फिरवत राहिली, हाच रे, हाच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, एवढ्या उन्हाचा कोट कशाला घातलास पोरा?

खाली बघितलं —

बटणं निघत नाहीत. टाय आवळतोय — आवळ. खांदे घे. तोंड माझं आहे. कुणाच्या बापाला देणार ना