मुशीचं जाळं

मोएराकी,
१२ फेब्रुवारी १९८९

ती. रिपेकाताईस,
धाकट्या तेओनेचा शि. सा. न. वि. वि.

खारवलेल्या तीतींची बादली पोचली. नायरीने निम्मे पक्षी शेजारी वाटले. उरलेले मी लपवून ठेवलेत, तिला कळवू नकोस.

आता खरी बातमी. गुरुवारी मुशी माशांचं जाळं ओढत होतो. ते नेहमीपेक्षा जड लागलं. वर आली ती डॉल्फिन, बुडून मेलेली. तिचं पिल्लू माझ्या हाताएवढं असेल. बोटीभोवती फिरत राहिलं, धक्क्याजवळ येईपर्यंत मागे होतं. पुढे त्याचं काय झालं, ठाऊक नाही.

आपला चुलतभाऊ पाओरा शेजारच्या बोटीत होता. म्हणाला, लोट पाण्यात, कुणी पाहिलेलं नाही. उत्तरेला याच कारणावरून अख्खा उपसागर जाळ्यांना बंद झालाय, इथेही होईल, मग आम्ही काय खायचं? त्याचं चूक नाही गं. पण नायरी त्या डॉल्फिनच्या डोक्याशी बसली होती, तिच्यासमोर मला लोटवेना. धक्क्यावर आणली आणि मत्स्यखात्याला कळवलं. त्यांचा माणूस मोजमाप करून घेऊन गेला. तेव्हापासून पाओरा माझ्याशी बोलत नाही. धक्क्यावर भेटला की समुद्राकडे बघतो.

घरी वेगळंच. नायरी म्हणते, बोटीवर येईन, पण त्या जाळ्याला हात लावणार नाही. एकट्याने ते ओढणं मला जमत नाही. तुझं ती ऐकते. तिला जरा समजाव.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, थोडा वाढवलास तरी चालेल.

तुझा,
तेओने


ब्लफ,
२० फेब्रुवारी १९८९

चि. तेओनेस,
अनेक आशीर्वाद.

बायकोला समजाव म्हणतोस, आणि मी निघाले तिच्याच बाजूची. दोर ती ओढते, मासे ती साफ करते, तू वाऱ्याला शिव्या घालतोस. ती थांबली म्हणजे तुझा धंदा थांबला, एवढं तरी आता कळलं असेल.

पाओराचा राग मनात ठेवू नकोस. तो रागावलेला नाही, घाबरलाय. त्याच्या घरात तीन पोरं आहेत. तू त्याला आधी दोन शब्द सांगून मग खात्याला कळवलं असतंस, तर बरं झालं असतं.

नवऱ्याला, अल्बर्टला, पाठवतेय. सोबत कॉड मासे धरायचे पिंजरे आहेत. त्याने सगळे नीट करून घेतलेत. खडकाळ जागी आमिष घालून टाकायचे. कॉड आत शिरतो, डॉल्फिन शिरू शकत नाही. मुशीइतका माल मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर माझ्या नावाने ओरडू नकोस. आणि एप्रिलच्या आत नवरा परत पाठव. आम्हाला तीती पकडायला बेटांवर जायचंय. तो भाजलेल्या कुमारा रताळ्यांच्या मोहात पडला तर बसमध्ये ढकल.

नायरीला माझ्याकडून जवळ घे. आठवण ठेवा, ठेवतो म्हणून नुसतं लिहू नका.

तुझी,
रिपेका


मोएराकी,
२७ मार्च १९८९

ती. रिपेकाताईंस,
नायरीचा सा. न. वि. वि.

भावोजी सुखरूप पोचले असतील. बसमध्ये ढकलावं लागलं नाही, पण रताळी मात्र पिशवीभर नेलीत.

पिंजऱ्यांचं म्हणाल तर सुरुवातीला ऑक्टोपस आत जाऊन आमचं आमिष खायचे आणि फुगून बसायचे. धक्क्यावर सगळे हसले. तुमचा भाऊ आठवडाभर माझ्याशीसुद्धा धड बोलला नाही. मग भावोजींनी जागा बदलायला लावली आणि कॉड येऊ लागला. मिळकत पूर्वीपेक्षा कमीच आहे. मी दोन दिवस दुकानात काम धरलंय. भागतं, आणि मला झोप लागते.

हे पत्र खरं तर शनिवारचं सांगायला लिहितेय. आम्ही पिंजरे उचलत होतो, तेवढ्यात पलीकडून पाओराने हाक मारली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाला, सुरी आण, लवकर. त्याच्या जाळ्याच्या वरच्या कडेला डॉल्फिन अडकली होती, जिवंत. कशीबशी डोकं वर काढून श्वास घेत होती. पाओराने दोन्ही हातांनी तिला उचलून धरलं होतं, म्हणून त्याला सुरी घेता येईना.

तुमचा भाऊ त्याच्या बोटीत गेला आणि विचारलं, कापू ना? जाळं नवं होतं, ताई. पाओरा म्हणाला, विचारतोस काय. मग याने कापत नेलं. ती सुटली, तरी क्षणभर तिथेच राहिली, जणू सुटल्याचं तिला कळलंच नव्हतं. मग गेली. पाओरा ओले हात मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बसून होता.

संध्याकाळी तो बायकापोरांसह जेवायला आला. मी बटाट्याच्या आंबवणाचा रेवेना पाव केला होता. तो म्हणतो, जाळं शिवून पुन्हा टाकणार, पण आता रात्रभर सोडणार नाही, जवळ थांबून राहीन. इथला समुद्र जाळ्यांना बंद करायला त्याचा अजून विरोध आहे. तुमच्या भावाने म्हटलं की जवळ थांबूनही बुडेल ती बुडेलच. त्यावर दोघांची जी जुंपली, ती पोरं झोपली तरी चालूच. पाओराच्या बायकोने आणि मी भांडी घासली, पुसली, चहा केला, त्यांना भान नाही.

सहा आठवड्यांनी दोघांचा आवाज घरात होता; मी तो ऐकत स्वयंपाकघरात उगीचच बसून राहिले.

बेटांवर जपून जा. आमच्यावर माया आहे ती राहू द्या.

तुमची,
नायरी