भाऊ येतो की येत नाही

प्रिय अक्का,

उद्या सकाळी अकरा वाजता तुझ्या वर्गातल्या बावीस मुलींना मला सांगायचं आहे, की सिनेमाच्या शेवटी भाऊ येतो की येत नाही. लेखी परीक्षा आठ दिवसांवर आली आहे. तुझ्या नोट्समध्ये भाऊ येतो. सिनेमात येत नाही. आता हे विचारायचं कुणाला? म्हणून हे पत्र. तुला जाऊन तीन महिने झाले, आणि या तीन महिन्यांत तुला विचारायच्या जितक्या गोष्टी सुचल्या, तितक्या तू समोर बसून कॉफी गाळत होतीस तेव्हा कधी सुचल्या नाहीत.

आधी तुझ्या खुर्चीवर मी कसा बसलो ते ऐक. तेराव्यानंतर तुमच्या प्राचार्या बनशंकरीला आपल्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पेपरात सिनेमावर लिहिता ना? पोर्शन संपलाय. फक्त रिव्हिजन घ्यायची."

मी म्हटलं, "मॅडम, मी सिनेमांची टिंगल करतो."

"परवा नाही, चालेल. निदान पाहिलेले तर असतात ना?"

मला तेव्हा तो विनोद वाटला. नंतर कळलं, की तुमच्या विषयात ही फार मोठी पात्रता आहे.

काय गं त्या नोट्सचा दरारा! चौसष्ट पानं, गुलाबी कव्हर, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे कायम तयार गठ्ठा. दुसऱ्या कॉलेजांतल्या मुली दोन बस बदलून न्यायला यायच्या. अभ्यासक्रमात सिनेमे पाच. तीन फिल्म सोसायटीनं कधी ना कधी दाखवले, चौथा दूरदर्शनवर लागला. पाचवा, तो काळापांढरा, परदेशी, बहीण-भावाचा, तू पुण्याला सुट्टीतल्या रसास्वाद वर्गात एकदा पाहिलास आणि इथं येऊन अभ्यासक्रमात घातलास. बेंगळुरात तो तुझ्याशिवाय कुणीच पाहिला नव्हता. शिकवणाऱ्यांनी नाही, शिकणाऱ्यांनी नाही, पेपर तपासणाऱ्यांनीही नाही. सगळ्यांनी तुझ्या नोट्स वाचल्या होत्या. आणि पहिल्याच पानावर तुझं वाक्य: 'सिनेमा ही डोळ्यांनी शिकायची कला आहे.'

बाकीचे चार उरकून मीही दोन आठवडे हा पाचवा इमानेइतबारे घोकून घेतला. शेवटच्या दृश्यावर टीप लिहा, दहा गुण. मुली एका सुरात म्हणायच्या, "बहीण फलाटावर बसली आहे. गाडी निघून जाते. धूर विरतो. धुरातून भाऊ धावत येतो. त्याच्या एका पायात बूट नाही. यातून दिग्दर्शकाचा मानवतावाद दिसतो." मला तर तो बूट फार आवडला होता.

मागच्या बाकावर एक मुलगी तोंड मिटून बसायची. शोभा. चामराजपेटची, आपल्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथं मुरलेल्या मराठी घरातली. तिचे बाकीचे विषय सुटलेत, गेल्या वर्षी हा एकच राहिला. एका शाळेनं तिला शिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलंय, पण जूनपर्यंत पदवीचा कागद दाखवायला हवा. म्हणजे या खेपेला सुटलीच पाहिजे.

वर्ग संपल्यावर तिला थांबवून विचारलं, "तू का गं म्हणत नाहीस? पाठ नाही का?"

"पाठ आहे की सर. पण तो भाऊ येतच नाही."

तिनं पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. गेल्या वर्षी मद्रासला मामाकडे गेली होती, तिथं तिनं या कॅसेटवर तो सिनेमा पाहिला. येऊन पेपरात तेच लिहिलं. दहापैकी शून्य. चार गुणांनी गेली.

"मॅडमना सांगायचंस ना."

"सांगितलं की. त्यांना माहीत होतं सर. पेपर तपासायला त्या पण होत्या. शेजारच्या टेबलावर माझा पेपर आला, त्यांनी अक्षर ओळखलं. वर लाल शाईनं लिहिलं होतं म्हणे, 'विद्यार्थिनीने चित्रपट पाहिलेला नाही.'"

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"काही नाही. गप्प बसल्या. नंतर मला घरी बोलावलं, पोह्यांची अवलक्की करून घातली. म्हणाल्या, तू पाहिलंस तेच खरं. पुढच्या खेपेला माझं लिही आणि पास हो."

"मग लिहून टाक की."

"पाहिलंय नव्हे का सर," ती म्हणाली. "आता कसं लिहू?"

अक्का, तू गप्प बसलीस? दुधात पाणी दिसलं तर गवळ्याला दारात उभं करून कन्नडमधून तासभर सोलणारी तू? घाबरलीस का? इतक्या वर्षांच्या मुलींना चुकीचं शिकवलं हे सगळ्या टेबलांसमोर कबूल करायची लाज वाटली? वाटली असेल तर मला समजतं. पण त्या मुलीचं वर्ष गेलं गं.

बुधवारी दुपारी शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर मी कॅसेट लावली. गाडी जाते. बहीण बसून राहते. फलाट झाडणारा एक माणूस येतो, तिच्यापाशी थांबतो. ती पाय वर घेते. तो खालचं झाडतो आणि पुढं जातो. संपलं. धूर नाही, बूट नाही, मानवतावाद कुठं असलाच तर त्या झाडूत. मी शेवट मागं नेऊन तीनदा पाहिला. शेजारीणबाई येऊन म्हणाल्या, "टेप अडकते का हो?"

मग तुझं कपाट उघडलं. रागावू नकोस. पुण्याची वही सापडली. शेवटच्या पानावर तुझं अक्षर: 'गाडी जाते. भाऊ येतो? पुण्याला पत्र टाकून विचारणे.' टाकलंस का पत्र? उत्तर आलं का? पुढच्या वर्षीच्या टाचणात 'भाऊ येतो' आहे, प्रश्नचिन्ह नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बूट आला. मी इतकी वर्षं पुढाऱ्यांच्या भाषणांवर लिहितो, त्यामुळे गोष्टी अशा वाढताना पाहिल्यात. आपल्याच घरात, आपल्याच अक्षरात मात्र पहिल्यांदा पाहिली.

अजून एक विचारू? त्याच पुण्याच्या वर्गाहून तू परतलीस, त्या दिवशी मी सिटी स्टेशनवर तुला घ्यायला येणार होतो. आलो नाही. कसलासा लेख पुरा करत होतो, विषयही आठवत नाही. तू दोन पेट्या घेऊन ऑटोनं आलीस आणि "जेवलास का?" एवढंच विचारलंस. किती वेळ बसली होतीस फलाटावर? सिनेमातला भाऊ म्हणजे मीच, असं समजणं हे स्वतःला फार महत्त्व देणं झालं, आणि ती खोड मला आहेच. पण मग तू त्याला का आणलंस? माझी सुटका केलीस की मला टोमणा मारलास? की नुसतं विसरलीस? नुसतं विसरली असशील तरी चालेल मला. पण चूक कळल्यावरही तू ती का दुरुस्त केली नाहीस, इथं येऊन माझी मती गुंग होते.

शुक्रवारी प्राचार्यांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं.

"सर, निकालापर्यंत भाऊ येऊ दे. नंतर पाहिजे तर नको येऊ दे."

"आणि शोभा?"

"तिला स्वल्प अॅडजस्ट करायला सांगा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, मॅडमच्या नावानं आम्ही या विषयाला बक्षीस ठेवतोय. तुम्ही सख्खे भाऊ असून हे कुठं बोलता?"

मी उठून घरी आलो. सगळ्या गावाची उणीदुणी काढून मी पोट भरतो, तुझी कधी काढली नाहीत. तू तशी वेळच येऊ दिली नाहीस. आता दिलीस, तर तू समोर नाहीस.

तरी अर्ज टाइप केलाय, परीक्षा मंडळाच्या नावानं. सोबतची कॅसेट पाहा. या वर्षी कोणत्याही मुलीचे या टिपेचे गुण भाऊ आला की नाही यावरून कापू नका. शोभाचा गेल्या वर्षीचा पेपर पुन्हा तपासा. शेवटच्या कलमात तुझं नाव आहे. ते कलम मी तीनदा लिहिलं. एकदा 'नजरचुकीने' घातलं, एकदा 'आजारपणामुळे'. दोन्ही शब्द काढले, कारण यातलं काय खरं ते मला माहीत नाही. उरलं ते एवढंच: नोट्समधली चूक माझ्या बहिणीची, तिला ती कळली होती, ती बोलली नाही.

हे वाचून तू काय म्हणशील? मला खरंच अंदाज येत नाही. कधी वाटतं, तू मान फिरवून स्वयंपाकघरात जाशील. कधी वाटतं, म्हणशील, बरं झालं, माझ्यानं झालं नसतं.

उद्या मुलींना कॅसेट दाखवीन, अर्जाचं सांगेन, आणि काय लिहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू देईन. तिथून अर्ज घेऊन विद्यापीठात जाईन. शोभाचा पेपर बाहेर निघेपर्यंत रोज जाईन, हा माझा शब्द. यावर माझ्या सदरात एक ओळही लिहिणार नाही, हाही शब्द. बक्षीस बहुतेक दुसऱ्या कुणाच्या नावानं ठेवतील. त्याचं मला फार वाईट वाटेल, अक्का, आणि तरी मी अर्ज परत घेणार नाही.

तुझा,
माधव