आठ टनांची चिकणमाती

३ मार्च
दादाच्या नव्या घराचा पाया मीच आखतेय; आज प्लॉटच्या मातीचा रिपोर्ट आला. चिकणमाती, पण घट्ट! पायाखाली चौरस मीटरला अठरा टन पेलेल, दोन मजले सहज. म्हणजे खाली दादा, वहिनी, पोरं; वर मी. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून विटले आहे. वहिनीचा फोन — "खिडकी कुठे हवी तेवढं सांग गं." पूर्वेला, म्हटलं.

४ मार्च
पाठ आखडली. साइट, ऑफिस, साइट.

६ मार्च
अठरा टन खटकत होते. ओढ्याकाठची माती इतकी ताठ कशी? लॅबमध्ये गेले. नमुन्याच्या नळीचं तोंड बंद करणारं मेण तडकलेलं! माती आतल्या आत वाळून कडक झाली, आणि त्या ढेकळावरच लॅबवाल्याने चाचणी उरकली. "मॅडम, आकडा चांगला आलाय, कशाला उकरून काढता?" खरंच, कशाला? तरी नवा नमुना मागवला. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

११ मार्च
नवा नमुना बाहेर काढला तर अंगठा सहज रुतला. मातीची ताकद, पायाचा आकार, सुरक्षेसाठी भागिले तीन — आठ टन. वरचा मजला बसत नाही. पाया रुंद करावा तर दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती. सगळ्या घराखाली एकच जाड स्लॅब ओतायची दादाची ऐपत नाही.

तीनऐवजी दोनने भागलं तर बसतो. भागून पाहिलं. बसला! मग खोडलं. रडू आलं, लाजही वाटली.

१२ मार्च
दादाला फोनवर सांगितलं. "तीननेच का? देवाने सांगितलंय? वाळली की घट्ट होते ना, मग वाळू दे की!" आणि पावसात पुन्हा ओली झाल्यावर, मी विचारलं. "तुला आमच्यात राहायचंच नाही, सरळ सांग ना." त्याने फोन आपटला. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

१५ मार्च
फोन नाही. जेवण जात नाही.

१९ मार्च
दादा आला. टेबलावर दुसऱ्या इंजिनिअरचा कागद ठेवला — त्या जुन्या अठरा टनांवरच वरचा मजला पास! "आता तरी येशील राहायला?"

"मी येईन रे. पण खाली पोरं झोपणार ना."

दादा उठला. चहाही घेतला नाही. कागद टेबलावरच राहिला. दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "नकाशात खालची पुढची खोलीही पूर्वेलाच उघडते."