फ्रान्सच्या साबणापायी घर जात असल्याबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
मामलेदार कचेरी, करवीर

विषय : भाड्याच्या घरातून अर्जदार एकट्यासच काढू नये म्हणून.
संदर्भ : घरमालक गणपतराव यांनी चारचौघांत दिलेली तोंडी ताकीद.

महोदय,

१. अर्जदार बाबालाल अत्तार, राहणार रविवार पेठ. याच घरात बायको खैरुनबी नवरी होऊन आली, येथेच मुले झाली. हल्ली परमुलखातले व्यापारी भुईमुगाच्या शेंगा खरेदीस येऊन पेठेत बिऱ्हाडे शोधतात. शेंगा मुंबईहून आगबोटीने फ्रान्सला जातात, तेथे तेल निघते, तेलाचा साबण होतो. फ्रान्सच्या लोकांनी खुशाल अंग धुवावे, आमची हरकत नाही. पण त्यांच्या अंघोळीपायी गणपतरावांनी मला तिप्पट भाडे मागावे, हा कुठला न्याय?

२. सबब युक्ती करणे भाग पडले. कोणी गुजराती वा मारवाडी शेठ घर बघायला आले, की खैरुनबी सुके बोंबील भाजावयास घेई. शेठ नाकाला उपरणे लावून उंबऱ्यावरूनच परत. धंदा अत्तराचा असल्याने वासाची ताकद मला ठाऊक होती. पुढे शेजारच्या बायडाबाईही आमच्याकडून बोंबील नेऊ लागल्या आणि गल्लीतले भाडे जागच्या जागी थांबले.

३. मग घात झाला. नूरमहंमद शेठ नावाचे कच्छी मेमन आले. जन्म समुद्रकाठचा! वास येताच त्यांनी सोप्यात बसकण मारली, आईची आठवण काढून ढसाढसा रडले, दोन भाकरी खाल्ल्या आणि चौपट भाडे कबूल केले. अट एकच : चूल व रांधणारी बाई आहे तिथेच राहावी, तिला पगार देऊ.

४. गणपतरावांनी अट जागेवर मान्य केली. मला म्हणाले, "पावणं, तुमचं काय काम हाय आता हितं?" इतकी वर्षे बाबालाल म्हणणारा माणूस पावणं म्हणाला, हे फार लागले. आशेने बायकोकडे बघितले, तर तीही म्हणते, "म्या काय चूल सोडायची न्हाय. तुम्ही शुक्रवारी जेवायला येत जावा की!"

५. साहेब, बोंबील निवडणे, चूल फुंकणे, ही कामे आजवर मीच केली. तरी मला चुलीसोबतचा धरून घरात ठेवावे. शेठजींची हरकत नाही. गणपतरावही भाडे मिळाल्यावर गप्प बसतील. हरकत फक्त खैरुनबीची आहे, सबब हुकूम तिच्या नावे काढावा.

आपला नम्र, अद्याप घरातला,
बाबालाल अत्तार
ता. ९ माहे फेब्रुवारी, सन १९१०